वजन तेच, मग ताकद कुठे गेली?

मुंबईच्या गेटवेहून निघालेली लाँच तासाभरात मांडव्याच्या धक्क्याला लागते. उतरणाऱ्यांकडे नीट पाहिले तर शरीरशास्त्राचा एक धडा तिथे रोज घडताना दिसेल. लाँच लाटांवर खालीवर होत असते. एक पाय डेकवर, दुसरा धक्क्याच्या पायरीवर. समोरचा खलाशी हात पुढे करतो, आणि नेमक्या त्या क्षणी शरीराचे सगळे वजन एका पायाने वर उचलावे लागते. तरुण माणसाच्या हे लक्षातही येत नाही. सत्तरीच्या माणसांत मात्र स्पष्ट फरक दिसतो. कुणी हात न धरता पायरी चढते, तर त्याच वयाच्या आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसाला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावे लागते.

वय तेच, वजनही तेच. मग फरक कशाचा? 'प्रकृती ज्याची त्याची' असे म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधनाने त्याचे बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे. वजन किती आहे यापेक्षा ते कशाचे आहे, स्नायूचे की मेदाचे, आणि तो स्नायू कसा आहे, यावर म्हातारपणीची हालचाल अधिक अवलंबून असते.

काट्याला न दिसणारी अदलाबदल

आपल्या शरीरात हाडे, पाणी आणि निरनिराळे अवयव आहेतच. पण वजनाचे दोन मोठे वाटेकरी म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू आणि मेद, म्हणजेच चरबी. तरुण पुरुषाच्या वजनात स्नायूंचा वाटा सुमारे ४० टक्के असतो, तर तरुण स्त्रीच्या वजनात सुमारे ३० टक्के. स्त्रीच्या शरीरात मेद निसर्गतःच अधिक असतो.

वय वाढते तसा हा हिशेब बदलतो. स्नायू हळूहळू घटतात आणि मेद वाढतो. ही दोन्ही कामे बरोबरीने चालली तर वजनकाट्याला काहीच कळत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पस्तिशीतील एका बाईंचे वजन ५५ किलो आहे. त्यात मेद १५ किलो आणि स्नायू १७ किलो. सत्तरीतही त्यांचे वजन ५५ किलोच भरते, पण आता मेद २१ किलो आणि स्नायू १३ किलो आहेत. पूर्वी एक किलो स्नायूच्या वाट्याला शरीराचा सुमारे ३.२ किलो भार येत होता, आता ४.२ किलो येतो. म्हणजे उचलायचे ओझे तेवढेच राहिले आणि उचलणारे हात कमी झाले. 'वयाच्या मानाने वजन अगदी बेताचे आहे' असे या बाईंना कुणी सांगितले, तर ते खरे असूनही अपुरे आहे.

वजन आणि उंची यांवरून काढलेला बीएमआय हा निर्देशांकही इथे फसू शकतो. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्यात तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आत मेद अधिक आणि स्नायू कमी, अशा आपल्याकडच्या शरीरयष्टीचे वर्णन 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय' असे केले जाते.

ही ठेवण जन्मापासूनच दिसते, असे याज्ञिक यांच्या गटाने दाखवले. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ मध्ये गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते आणि तिकडच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे जवळजवळ सर्व मापांत लहान होती. स्नायू विशेष कमी होते, मात्र कातडीखालचा मेद त्या मानाने बराच टिकून होता.

या संशोधनाचा रोख मधुमेहावर होता. पण म्हातारपणाच्या दृष्टीनेही त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. स्नायू ही आयुष्यभर पुरवायची ठेव मानली, तर आपल्यातील अनेकांची मूळ ठेवच लहान असते. साठीनंतर तिच्यातून सर्वांनाच खर्च करावा लागतो. ज्याची ठेव लहान, त्याला तळ लवकर दिसतो.

स्नायूच्या आत काय घडते?

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या या घसरणीला १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' असे नाव सुचवले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे तुटवडा. आपण त्याला स्नायुऱ्हास म्हणू. रोझेनबर्ग यांचा हेतू साधा होता. गोष्टीला नाव नसले की तिच्याकडे लक्ष जात नाही.

स्नायू हा हजारो बारीक तंतूंचा जुडगा असतो. मज्जारज्जूतून निघणारी एक चेतापेशी अशा अनेक तंतूंना एकदम आज्ञा देते. तंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. संथ तंतू कमी जोर लावतात, पण दमत नाहीत. उभे राहणे, सावकाश चालणे ही त्यांची कामे. जलद तंतू चटकन आणि मोठा जोर लावतात, पण लवकर थकतात. पायरी चढणे, ठेच लागल्यावर तोल सावरणे ही कामे त्यांच्या भरवशावर होतात.

साठीनंतर आज्ञा देणाऱ्या चेतापेशीच कमी होऊ लागतात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी आपल्या पंखाखाली घेते, उरलेले नष्ट होतात. या व्यवहारात जलद तंतूंचे नुकसान अधिक होते. ते संख्येने घटतात आणि बारीकही होतात. रिकाम्या जागेत मेद आणि निबर तंतुमय ऊती शिरतात. मांडीचा घेर टेपने मोजला तर तेवढाच भरतो, पण आतला माल बदललेला असतो.

म्हणूनच स्नायू जेवढा घटतो त्याहून ताकद अधिक वेगाने घटते. अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि मेम्फिस या शहरांत ७० ते ७९ वयाच्या सुमारे तीन हजार माणसांची अनेक वर्षे तपासणी करण्यात आली. तीन वर्षांच्या मोजणीत पायांतील ताकदीची घट स्नायूंच्या घटीच्या सुमारे तिप्पट दिसली. ज्यांचे स्नायू घटलेच नव्हते, त्यांचीही ताकद कमी झाली होती. आणि ज्यांच्या मांडीच्या स्नायूत मेद अधिक शिरला होता, त्यांना पुढे चालण्याची व जिने चढण्याची अडचण अधिक प्रमाणात आली.

बल आणि शक्ती

भौतिकशास्त्राच्या तासाला आपण बल, कार्य आणि शक्ती यांतील फरक शिकवतो. त्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. ५५ किलो वजनाची व्यक्ती २५ सेंटिमीटर उंचीची पायरी चढते. तिला करावे लागणारे कार्य:

५५ × ९.८ × ०.२५ = सुमारे १३५ ज्यूल

घराच्या जिन्यात ही पायरी दीड सेकंदात चढली तरी चालते. तेव्हा लागणारी शक्ती सुमारे ९० वॅट. हलत्या लाँचमधून उतरताना मात्र लाट वेळ देत नाही. तेच कार्य अर्ध्या सेकंदात उरकायचे तर शक्ती लागते २७० वॅट, म्हणजे तिप्पट. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, आणि वेग तर जलद तंतूंकडून येतो, जे सर्वांत आधी जातात. म्हणून घरात व्यवस्थित हिंडणाऱ्या आजी धक्क्यावर, एसटीच्या पायरीवर किंवा रस्ता ओलांडताना अडखळतात.

अडखळल्यावर सावरण्यासाठीही हीच शक्ती लागते. ती नसली की माणूस पडतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरावे लागते आणि अंथरुणात स्नायू आणखी झिजतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मेदविरहित ऊती गेल्या. 'आता तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा' हा मुलासुनांचा सल्ला प्रेमाचा असतो, पण शरीराला तो महाग पडतो.

मेद शत्रू आहे का?

सरसकट नाही. आजारपणात भूक मंदावते, तेव्हा साठवलेला मेदच उपयोगी पडतो. पडल्यावर खुब्याभोवतीची चरबी थोडाफार धक्का झेलते. फार रोड झालेले वृद्ध आजारातून उठायला अधिक वेळ घेतात. प्रश्न मेद किती आणि कुठे याचा आहे. पोटातील अवयवांभोवतीचा मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून दाह वाढवणारी रसायने रक्तात मिसळतात आणि ती स्नायूंच्या बांधणीत अडथळा आणतात. स्नायू घटले की हालचाल कमी, हालचाल कमी की मेद अधिक, आणि मेद अधिक की स्नायूंची हानी अधिक, असे हे चक्र आहे. स्नायू कमी आणि मेद जास्त अशी जोडी एकाच शरीरात जमली तर अडचण दुहेरी होते. ओझे वाढलेले असते आणि इंजिन लहान झालेले असते.

मग वजन उतरवावे का? गुडघे दुखणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाला हा सल्ला मिळतोच. अमेरिकेतील डेनिस विलारिअल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याची नीट परीक्षा घेतली. ६५ वर्षांवरील १०७ लठ्ठ व्यक्तींचे चार गट केले. एका गटाने फक्त आहार कमी केला, दुसऱ्याने फक्त व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केले, चौथ्याने काहीच बदलले नाही. वर्षानंतर शारीरिक क्षमतेच्या चाचणीतील गुण आहाराच्या गटात १२ टक्क्यांनी, व्यायामाच्या गटात १५ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांत २१ टक्क्यांनी वाढले. व्यायामाच्या गटाचे वजन उतरलेच नव्हते, तरी क्षमता वाढली होती. फक्त आहार कमी करणाऱ्यांनी मात्र चरबीबरोबर ५ टक्के मेदविरहित भागही गमावला, व्यायामाची जोड असणाऱ्यांनी ३ टक्के.

यातून घ्यायचा बोध असा, की अति लठ्ठ व्यक्तीने वजन उतरवणे हिताचे आहे, पण व्यायामाशिवाय नव्हे. आणि मुळात बारीक असलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाने नुसते उपास करून वजन घटवले, तर तो आपली ठेवच मोडून खात असतो.

नव्वदीतही उशीर झालेला नसतो

या विषयातील सर्वांत आशादायक प्रयोग बोस्टनच्या एका वृद्धनिवासात झाला. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. वजन क्रमाने वाढवत नेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांनी काठी सोडली.

याच प्रयोगात मांडीच्या स्नायूचा छेद वाढला होता तो फक्त ९ टक्क्यांनी. मग एवढी ताकद आली कुठून? मोठा भाग चेतासंस्थेने दिला. वापरात नसलेल्या तंतूंना पुन्हा आज्ञा जाऊ लागल्या आणि त्यांच्या कामात मेळ आला. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. स्नायूला विश्रांतीचे पेन्शन मिळत नाही.

असा व्यायाम म्हणजे व्यायामशाळाच हवी असे नाही. चालणे हृदयाला आणि दमश्वासाला चांगले, पण त्यात मांड्यांवर मोठा भार येत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, पायरी चढ-उतार, टाचा उचलणे, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या वर करणे, हे प्रकार आठवड्यातून दोन-तीन दिवस करावेत आणि सोपे वाटू लागले की थोडे कठीण करावेत. 'क्रमाने वाढता भार' हेच त्यातले सूत्र आहे. किनाऱ्यावरच्या आपल्या जुन्या दिनक्रमात हा भार आपोआप मिळे. उकिडवे बसून मासळी निवडणे, विहिरीचे पाणी ओढणे, पाटी डोक्यावर घेणे, जमिनीवर पाटावर जेवायला बसणे आणि उठणे. पंप, गॅस, रिक्षा आणि खुर्ची आल्या, कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण त्या कष्टांबरोबर जमिनीवरून उठण्याची रोजची कसरतही गेली, ती आता मुद्दाम करावी लागेल.

स्नायूच्या बांधणीला प्रथिने लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम अशी आहे. वृद्धांचे स्नायू प्रथिनांना पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, म्हणून वार्धक्यतज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम लागतील. शंभर ग्रॅम ताज्या मासळीतून १८ ते २० ग्रॅम, एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीतून २२ ते २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. अलिबागेकडचे वाल हाही प्रथिनांचा चांगला साठा आहे. अडचण अशी, की दात गेले आणि भूक मंदावली की ताटात उरतो नुसता मऊ भात आणि कढण. डाळ, मासळी, अंडे किंवा दूध प्रत्येक जेवणात थोडे थोडे राहील असे पाहावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

घड्याळ, टेप आणि खुर्ची

शरीरातील मेद अचूक मोजायला महागडी यंत्रे लागतात. पण शरीर काय करू शकते हे मोजायला घड्याळ, टेप आणि खुर्ची पुरते. आशियातील तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचवलेल्या चाचण्यांपैकी तीन अशा:

१. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी घडी करून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायूंकडे लक्ष देण्याची गरज आहे.

२. सपाट जागेवर ६ मीटर नेहमीच्या चालीने चालायचे. वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी, म्हणजे वेळ ६ सेकंदांपेक्षा जास्त, हा इशारा समजावा.

३. पोटरीचा सर्वांत मोठा घेर मोजायचा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर ही स्नायू कमी असल्याची खूण असू शकते.

टेप नसेल तर जपानमध्ये वापरतात ती युक्ती करा. बसून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडे करायचे. कडे पोटरीला सैल होऊन मध्ये फट राहिली तर स्नायू कमी असण्याची शक्यता अधिक.

हे आकडे म्हणजे पास-नापासची रेघ नव्हे. बांधा लहान असलेल्या व्यक्तीची पोटरी मुळातच लहान असते. पायांना सूज असेल तर घेर फसवा भरतो. एका मोजणीपेक्षा सहा महिन्यांनी काय बदलले हे पाहणे अधिक उपयोगाचे. छातीत दुखणे, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असे काही असल्यास चाचणी करू नये, आणि करताना एकाने जवळ उभे राहावेच. मुठीची पकडही असेच सांगते. २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस व त्यावरील वयाच्या सुमारे ७२ हजार लोकांची जी मोठी पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झाली, तिच्यात पकडीची ताकद उपकरणाने मोजली होती.

अशा सोप्या मोजण्यांसाठी डॉक्टरांचीच वाट पाहण्याची गरज नाही, हे मांडव्याच्या परिसराने फार पूर्वी दाखवले आहे. १९७० च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांच्या प्रेरणेने इथल्या गावांत एक आरोग्य प्रकल्प चालला. जेमतेम शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले, आणि आरोग्याची कितीतरी रोजची कामे त्या समर्थपणे करू शकतात हे सिद्ध झाले. तेव्हाचे प्रश्न क्षय, कुष्ठरोग आणि बाळंतपणाचे होते. आज माणसे अधिक जगतात, म्हणून जगलेली वर्षे स्वतःच्या पायांवर कशी जातील हा प्रश्न त्यात वाढला आहे. आशा सेविका, अंगणवाडी ताई आणि शाळेतील वरच्या वर्गाची मुले हे काम सहज करू शकतील.

शिक्षकांनी हा उपक्रम जरूर घ्यावा. आठवी-नववीच्या मुलांनी घरातील आजी-आजोबांच्या संमतीने खुर्चीची आणि चालण्याची वेळ मोजावी, वेगाचे गणित करावे, पायरी चढण्याची शक्ती वॅटमध्ये काढावी. वर्गात आकडे सांगताना नावे घेऊ नयेत, कुणाच्या वजनाची चर्चा करू नये. आलेखावर वय आणि वेळ मांडली की एक गोष्ट मुलांच्या आपोआप ध्यानात येईल. सारख्याच वयाचे बिंदू एकमेकांपासून किती दूर पडले आहेत! त्या अंतराचा काही भाग जन्माने आणि आजारांनी ठरवलेला असतो. उरलेला भाग रोज दहा वेळा खुर्चीतून उठण्याने कमी करता येतो, आणि ही मोजणी मुलांनी सहा महिन्यांनी पुन्हा केली तर ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.